अखंड चालू

गेल्या रविवारी सकाळचा दुसरा चहा चालला होता, तेवढ्यात पुण्याहून नातवाचा फोन.

"आजोबा, एक काम कराल? पाच मिनिटांचं आहे."

ह्याच्या पाच मिनिटांचा मला चांगला अनुभव आहे. मागच्या वेळी त्या पाच मिनिटांत रात्रीचे नऊ वाजले होते. तरी म्हटलं, बोल बाबा. आम्हा पेन्शनरांकडे वेळाशिवाय दुसरं आहे काय!

तर मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या सांगलीच्या घरात दोन संगणक रात्रंदिवस चालू असतात. २०१९च्या महापुरानंतर नातवाने गच्चीत पाऊस मोजायचं एक भांडं बसवलं. त्याची वायर खाली कपाटावर ठेवलेल्या रास्पबेरी पायला जोडली आहे. हा पाय म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. त्यावर लिनक्स चालतं आणि दर दहा मिनिटांनी किती पाऊस पडला ते लिहून ठेवणं एवढंच त्याचं काम. दुसरा म्हणजे टेबलाखालचा जुना, जाडजूड संगणक. त्यावर फ्रीबीएसडी नावाची युनिक्सच्याच घराण्यातली एक प्रणाली आहे आणि सगळ्या नातलगांचे फोटो आहेत. (लग्नाच्या अल्बमचे फोटो ज्यांनी अजून पाठवले नाहीत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

अडचण अशी झाली होती की, जुलैमधल्या एका रात्रीच्या नोंदीत पायने पाऊस शून्य दाखवला. आमची ही म्हणाली, "शून्य कसा? रात्रभर पत्रा वाजत होता. गॅलरीतले कपडे परत धुवावे लागले मला." नातवाने विचार केला आणि त्याच्या लक्षात आलं की त्या रात्री वीज गेली होती. पाय बंद होता. वीज आल्यावर तो जागा झाला आणि मधल्या वेळात काही लिहिलेलं नव्हतं म्हणून हिशेबाच्या तक्त्यात तिथे शून्य पडलं. म्हणजे पाऊस पडला नाही हे एक शून्य, आणि मोजणाराच हजर नव्हता हे दुसरं शून्य. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात!

यावर त्याने काढलेला उपाय सोपा होता. प्रत्येक नोंदीशेजारी, हे यंत्र सलग किती सेकंद चालू आहे, तेही लिहायचं. आकडा एकदम लहान झाला की समजावं, मध्ये बंद पडलं होतं. यंत्र चालू झाल्यापासून गेलेल्या ह्या वेळाला ‘अपटाइम’ म्हणतात. फक्त त्याला एकच प्रोग्रॅम असा लिहायचा होता, जो पायवरही चालेल, फ्रीबीएसडीवरही, त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपवरही आणि सूनबाईंच्या मॅकवरही. ही सगळी भावंडंच आहेत, युनिक्सच्या वळणाची. म्हणून मला वाटलं, यात काय अवघड? भावंडांना एकच प्रश्न विचारायचा, "कधीपासून जागा आहेस रे?"

इथेच माझी चूक झाली. चार भावंडांना घरात वडील कधी वारले विचारा, एक तारीख सांगेल, एक तिथी सांगेल, एक म्हणेल ‘धाकटीच्या बारशाच्या आदल्या वर्षी’. इथेही तीच गत.

त्याने मला पहिल्यांदा सोपी कमांड टाइप करायला सांगितली, ‘अपटाइम’. हीच कमांड सगळीकडे आहे. बर्कली विद्यापीठाच्या ३.० बीएसडीत, म्हणजे १९७०चं दशक संपता संपता ती पहिल्यांदा आली. मी ती पायवर दिली. उत्तर आलं, इतके वाजलेत, इतके दिवस, इतके तास चालू, इतके जण वापरत आहेत, भार इतका. मी म्हटलं, झालं की मग! सगळं लिहिलंय.

"आजोबा, ते माणसाने वाचायला लिहिलंय. प्रोग्रॅमला वाचता येत नाही."

नंतर त्याने समजावलं. नुकतंच चालू केलेलं यंत्र ‘तीन मिनिटं’ असं शब्दात सांगतं. तास उलटला की मध्ये दोन टिंबं देऊन तास आणि मिनिटं सांगतं. दिवस झाला की ‘दिवस’ हा शब्द येतो, दोन झाले की त्याचं इंग्रजीत अनेकवचन होतं. लिनक्स मिनिटाचं संक्षिप्त रूप एक लिहितं, फ्रीबीएसडी दुसरं. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, तेव्हा हे मला लगेच पटलं. एकाच प्रश्नाला पन्नास मुलं पन्नास तऱ्हांनी उत्तरं लिहितात. तपासणाऱ्याला ती कळतात, कारण तो माणूस असतो.

मी विचारलं, "अरे पण यांच्यात काही प्रमाण भाषा नाही का?"

आहे म्हणाला. निरनिराळ्या युनिक्सनी निदान काही गोष्टी सारख्या ठेवाव्यात म्हणून १९८८ साली ‘पॉझिक्स’ नावाचं प्रमाण ठरलं. पुढे त्यात भर पडत गेली. पण गंमत म्हणजे ‘अपटाइम’ ही कमांड त्या प्रमाणात नाही. बोलीतला शब्द, सगळ्यांच्या तोंडी, पण कोशात नाही! त्यामुळे ज्याने त्याने आपली सोय केलेली. लिनक्समध्ये ‘/प्रॉक/अपटाइम’ नावाची एक फाइल असते. फाइल कसली, उघडली की त्या क्षणी आकडे तयार होऊन समोर येतात. तिच्यात दोनच आकडे. फ्रीबीएसडी आणि मॅक ह्यांच्याकडे ती फाइलच नाही. तिथे ‘सिसकंट्रोल’ला ‘कर्न डॉट बूटटाइम’ विचारायचं, मग ते चालू झाल्याचा क्षण सांगतं, वजाबाकी आपण करायची. सोलारिसची तऱ्हा तिसरीच, तिथे ‘केस्टॅट’ला विचारावं लागतं. (कमांडी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्राला त्या रोमन अक्षरांत द्याव्या लागतात आणि ‘सिसकंट्रोल’चं स्पेलिंग तर अर्धंच लिहितात. उत्साही मंडळींनी घरातल्या पोरांना विचारावं.)

लिनक्सच्या त्या फाइलमधला दुसरा आकडा मला फार आवडला. पहिला आकडा यंत्र किती सेकंद चालू आहे तो, आणि दुसरा, त्यातले किती सेकंद ते रिकामं बसलं होतं! पायवर पाहतो तर दुसरा पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा. मी म्हटलं, चालू होतं त्याहून जास्त वेळ रिकामं कसं बसेल? नातू म्हणाला, त्याच्या आत चार कोअर आहेत, म्हणजे चार कामकरी. चौघांचा रिकामा वेळ एकत्र मिळवतात. मग मला आमच्या शिक्षक खोलीची आठवण झाली. मधल्या सुट्टीत चौघं बसलो की शाळेच्या घड्याळात अर्धा तास जायचा, पण रिकामपण दोन तासांचं व्हायचं.

असो. खरी मजा पुढे आहे.

नातू म्हणाला, "आता ‘हू -बी’ देऊन बघा." ही कमांड मात्र पॉझिक्सच्या पुस्तकात सापडते. यंत्र चालू होतं त्या क्षणी एका वहीत तशी नोंद होते, ती नोंद ही कमांड वाचून दाखवते. शाळेच्या भाषेत सांगायचं तर मस्टरवरची ‘हजर’ सही. मी कमांड दिली. आमचा पाय जुना आहे. त्याने सांगितलं, मी चालू झालो १ जानेवारी १९७० रोजी, पहाटे साडेपाच वाजता.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. १९७०च्या जानेवारीत मी एकवीस वर्षांचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वसतिगृहात पहाटे साडेपाचला कंदील लावून वाचत बसायचो. तेव्हापासून हा कपाटावर जागा आहे म्हणे! वजाबाकी केली तर पंचावन्नहून जास्त वर्षं निघत होती.

नातू तिकडे हसत सुटला होता. कारण साधं आहे. नेहमीच्या संगणकात घड्याळासाठी एक छोटी बॅटरी असते, वीज नसली तरी घड्याळ चालतं. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत आत असं घड्याळच नव्हतं. (पाचवीत आहे, पण बॅटरी आपण जोडायची.) त्यामुळे तो जागा होतो तेव्हा त्याला आज काय वार, कुठलं साल, काहीच माहीत नसतं. युनिक्सचा काळ शून्य धरला आहे तो ग्रिनिचच्या १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. मग तो बिचारा शून्यावरच उभा राहतो, ‘हजर’ सही ठोकतो, आणि थोड्या वेळाने इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घड्याळ लावून घेतो. घड्याळ सुधारतं, वहीतली नोंद मात्र तशीच राहते.

ह्यावर मी हसलो नाही. कारण माझीही तीच कथा आहे. आमच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेले! शाळेत नाव घालायला वडील किंवा काका यायचे, जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी जूनची पहिली तारीख लिहून मोकळे व्हायचे. माझी आई सांगायची, तू गणपती बसायच्या आदल्या दिवशीचा. म्हणजे भाद्रपद. पण रजिस्टरला १ जून १९४८. त्या नोंदीपासून वजाबाकी करत करत मी ३१ मे २००६ला निवृत्त झालो, खरं म्हणजे तीन महिने आधीच. पुढे मी स्वतः किती मुलांना १ जून दिला असेल, त्याचा हिशेब नाही.

तर वेळ मोजायच्या दोन रीती झाल्या. सुरुवातीची तारीख लिहून ठेवायची आणि आजच्या तारखेतून वजा करायची, ही एक. ह्यात घड्याळ चुकलं किंवा मध्ये कुणी पुढेमागे केलं की हिशेब चुकला. दुसरी रीत म्हणजे सुरुवातीला शून्य धरायचं आणि टिकटिक मोजत राहायची, तारखेशी संबंधच ठेवायचा नाही. लिनक्सची ती फाइल ह्या दुसऱ्या रीतीने चालते, म्हणून पायचं घड्याळ सत्तर सालात असतानाही त्या फाइलने उत्तर बरोबर दिलं होतं.

पण मोजणाऱ्यालाही भांडं पुरावं लागतं. हे मला नातवाने सांगितलं तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन करून पाहिलं. जुन्या लिनक्समध्ये ही टिकटिक सेकंदाला शंभर व्हायची आणि ती ३२ खणांच्या, म्हणजे ३२ बिटांच्या आकड्यात ठेवायचे. त्यात मावतात ४,२९,४९,६७,२९६ टिकटिकी. शंभराने भागा, मग एका दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. ४९७ दिवस आले. तेवढे दिवस झाले की आकडा भरायचा आणि पुन्हा शून्यापासून सुरू! यंत्र धडधाकट चालू, आणि सांगायचं की आत्ताच उठलो. विंडोज ९५मध्ये सेकंदाचे हजार भाग मोजायचे, तिथे ४९.७ दिवसांतच भांडं भरून यंत्र अडकायचं. आणि २०१५ साली अमेरिकेच्या विमान नियामकांनी बोइंग ७८७ वापरणाऱ्यांना लेखी आदेश दिला होता की विमानाची वीज ठरावीक मुदतीच्या आत एकदा तरी बंद करून चालू करा. २४८ दिवस सलग चालू राहिलं तर जनित्रांचे नियंत्रक एकदम बंद पडून वीज जाऊ शकते, असं आढळलं होतं. २४८ म्हणजे ४९७चे निम्मे. भांड्यातला एक खण अधिक-उणेच्या चिन्हासाठी गेला की निम्मं उरतं. म्हणजे अखंड चालू राहणं हेच तिथे संकट होतं.

पुढचा प्रश्न झोपेचा. नातू रात्री लॅपटॉपचं झाकण लावतो, सकाळी उघडतो. ती सात तासांची झोप चालू वेळेत धरायची की नाही? लिनक्सच्या पोटात ह्यासाठी दोन वेगळी घड्याळं आहेत. एक झोप धरत नाही. दुसरं धरतं, ते २०११ मध्ये २.६.३९ ह्या आवृत्तीत आलं. दोन्ही बरोबर. फक्त विचारणाऱ्याने आधी ठरवायचं की त्याला ‘सुरू होऊन किती वेळ झाला’ हे हवंय की ‘किती वेळ जागा होतास’ हे हवंय.

शेवटी त्याने जी युक्ती केली ती मला अगदी घरगुती वाटली. युनिक्सवर जी काही कामं चालू असतात त्या प्रत्येकाला क्रमांक असतो. यंत्र जागं झालं की पहिलं काम उठतं त्याला क्रमांक १. बाकीची त्याच्यानंतर येतात आणि तो यंत्र बंद होईपर्यंत जात नाही. तेव्हा यंत्राला वय विचारूच नका, क्रमांक १ला विचारा. ‘पीएस’ ही कमांड कुठल्याही कामाचं वय सांगते, ती पॉझिक्सच्या कोशात आहे, आणि मुख्य म्हणजे उत्तराचा साचाही तिथे ठरवून दिला आहे. आधी दिवस, मग आडवी रेघ, मग तास, मिनिटं, सेकंद. पाय, फ्रीबीएसडी, लॅपटॉप, मॅक, चौघांनी एकाच साच्यात उत्तर दिलं. लिनक्सवर हे वय टिकटिकीवरूनच काढतात, म्हणून पायनेही सत्तर सालाचं नाव काढलं नाही. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारावं, तसंच. यालाही अपवाद आहेच. हल्ली एका यंत्राच्या पोटात ‘कंटेनर’ नावाची बिऱ्हाडं थाटतात, तिथे प्रत्येक बिऱ्हाडाचा क्रमांक १ वेगळा. त्याला विचारलं तर तो बिऱ्हाडाचं वय सांगतो, वाड्याचं नाही.

दुपारी दोनला प्रोग्रॅम झाला. (पाच मिनिटं!) आता यंत्र बंद होतं त्या वेळेच्या रकान्यात शून्य पडत नाही, रकाना कोरा राहतो.

फोन ठेवता ठेवता मी सहज विचारलं, "तुमच्यात रेकॉर्ड किती दिवसांचं असतं रे?" म्हणाला, "पूर्वी लोक मिरवायचे आजोबा. तीन वर्षं एकदाही बंद केलं नाही म्हणून. आता कुणी असं सांगितलं की आम्ही घाबरतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या घातल्या की बहुतेक वेळा यंत्र एकदा बंद करून चालू करावं लागतं. तीन वर्षं केलं नाही म्हणजे तीन वर्षं दुरुस्तीच नाही." मी म्हटलं, "मग तुमची ती सेवा बंद ठेवता की काय तेवढा वेळ?" तर म्हणाला, "नाही ना. दोन यंत्रं असतात. एक बंद होतं, दुसरं त्याचा भार उचलतं. बाहेरच्याला वाटतं, सेवा अखंड चालू आहे."

‘अखंड सेवा’ हे शब्द ऐकले आणि माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे माझं सन्मानपत्र आहे. शाल-श्रीफळासकट मिळालेलं, २००६चं. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘३४ वर्षांची अखंड सेवा’. १९७२च्या जूनमध्ये लागलो, एक दिवस सेवाखंड नाही. हे मी बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं आहे. नातेवाइकांनी तर लग्नामुंजीत किती वेळा ऐकलं असेल.

आमची ही पण शिक्षिका. १९७४ला लागली. १९८३ला माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. अंथरुणातून उठवायला, भरवायला, सगळ्यालाच माणूस हवं. हिची रजा संपली, पुढची मिळेना. शाळेने सांगितलं, हजर व्हा नाहीतर राजीनामा द्या. तो राजीनामा मी लिहिला. माझं अक्षर बरं म्हणून. तिने फक्त खाली सही केली. नोकरी मीही सोडू शकलो असतो, पगार दोघांचे जवळपास सारखे होते. पण हा विचार घरात कुणी बोलून दाखवला नाही, आणि माझ्या मनातही आला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते पण खरं आहे.

आई जवळजवळ चार वर्षं अंथरुणावर होती. १९८७च्या सुरुवातीला गेली. जूनमध्ये हिला दुसऱ्या शाळेत नोकरी मिळाली, नव्याने, नवीन सेवापुस्तकावर. राजीनामा दिला की आधीची सेवा बुडते, असा नियम. यंत्र बंद करून चालू केलं की मोजणी शून्यापासून, तसंच. २००७ला ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर २० वर्षं होती. त्या वेळी पूर्ण पेन्शनला ३३ वर्षं लागत. तिला विसाला तेहतिसाने भागून जे येईल तेवढं मिळालं. मला पूर्ण.

संध्याकाळी मी नातवाला परत फोन केला. विचारलं, यंत्र बंद पडलं तरी आधीचं लक्षात ठेवणारं काही नसतं का तुमच्यात? आहे म्हणाला. ‘अपटाइम्ड’ नावाचा एक प्रोग्रॅम मागच्या सगळ्या वेळांची वही ठेवतो. ‘अपरेकॉर्ड्स’ म्हटलं की तो यादी देतो आणि खाली बेरजाही दाखवतो, एकूण चालू किती, एकूण बंद किती.

मी माझी हिशेबाची वही काढली आणि तशीच यादी केली.

१९७४ ते १९८३, चालू, ९.
१९८३ ते १९८७, बंद, ४.
१९८७ ते २००७, चालू, २०.
एकूण चालू, २९.

वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही लसूण सोलत बसली होती. म्हटलं, "हे बघ. सरकारदरबारी वीस असले तरी तुझी खरी सेवा एकोणतीस वर्षांची आहे." मला वाटलं, बरं वाटेल तिला.

तिने चष्मा लावून वाचलं. मग मधल्या ओळीवर लसणाचं बोट ठेवलं.

"अहो, ती चार वर्षं मी बंद होते?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. पहाटे साडेचारला उठून आईचं अंग पुसण्यापासून तिचा दिवस सुरू व्हायचा, आणि साडेदहाला मी इस्त्रीचा सदरा घालून वेळेवर शाळेत हजर. एक दिवस सेवाखंड नाही!

तिच्यासमोरच ‘बंद’वर रेघ मारली आणि तिथे ‘आईजवळ’ असं लिहिलं. मग बेरीज परत करावी लागली. नऊ, चार आणि वीस.

ही उठता उठता म्हणाली, "तेहतीस झाली की. पूर्ण." आणि कुकरच्या शिट्टीकडे गेली.

ते सन्मानपत्र भिंतीवरून काढावं असं मला रात्री वाटत होतं. सकाळी तिला म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, मागे भिंतीचा पोपडा निघालाय." तेव्हा ते आहे तिथेच आहे. पण वहीचं ते पान मी फाडून त्याच्या फ्रेमच्या खालच्या कडेला अडकवून ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आता दोन्ही वाचता येतात.